डावीकडं वळलं की वाजणारा हॉर्न

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आलाच तर त्याच्या बारशाला जाऊन मी आधी पाळण्याखाली वाकून बघीन. दुकानदारानं सुटे पैसे दिले की मी मोजतो, मोजून झाले की उलटे करून बघतो. देवळातला प्रसाद हातावर पडला तरी आधी हुंगतो. आमची शिवगंगा म्हणते, "लग्नात मुंडावळ्या बांधल्यावर बी तुम्ही अंतरपाटाखालनं माझे पाय बघत हुता, बदललीया का काय म्हणून." खरं आहे. तिला थोरली बहीण होती.

तर असा मी, विरुपाक्ष, सोलापुरातलं मेव्हण्याचं चादरींचं दुकान सोडून भूमला परत आलो, ते सतरंज्या आणि जाजमं धुण्याचा धंदा काढायला. गाव हसलं. त्या साली दुष्काळ असा की लोक तोंड धुवायला विचार करायचे. पण माझी युक्ती निराळी होती. जाजम आधी उन्हात टांगून काठीनं झोडायचं, मग रिठ्याचा फेस चोळायचा, वरनं ओलं फडकं फिरवायचं. दोन घागरीत लग्नाचं जाजम नव्यासारखं. शिवगंगेनं मला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर धंदा बसला नाही तर परत सोलापूर, परत मेव्हण्याच्या, म्हणजे माणिकप्पाच्या हाताखाली चादरी मोजायच्या, आणि जेवताना त्याची बोलणी खायची.

धंद्याला गाडी हवी होती आणि ती चारी बाजूंनी बंद हवी होती. उघड्या गाडीत पाण्याची टाकी दिसली असती तर वेशीपाशीच घागरींची रांग लागली असती.

पहिली गाडी बघितली ती नव्या रंगाची होती. मी म्हटलं, रंग कशाला दिला? झाकायला. सोडली. दुसऱ्या गाडीचा मालक फार हसत होता. सोडली. तेवढ्यात हिंमतराव भेटले. हे भूमजवळच्या ईट गावाच्या बाजूच्या एका खेड्यातल्या सोसायटीचे चेअरमन. गावाचं नाव सांगत नाही, मला तिकडं अजून धंदा करायचाय.

"अप्पा," ते म्हणाले, "उमरग्याला महांतप्पाकडं एक बंद गाडी उभी हाय. माणूस सरळ हाय, बघा. गाडी झाली की आमच्या सोसायटीचं जाजम पयलं तुम्हाला. नीट झालं तर वरीसभर सगळ्या शाखांचं काम तुमचंच."

मला भरून आलं. इतक्या मोठ्या माणसानं स्वतःहून बोलावं.

उमरग्याला गेलो. महांतप्पानं मी काही विचारायच्या आत गाडीचे दोष सांगायला सुरुवात केली. मागचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. चढाला इंजिन दमतं. ड्रायव्हरच्या पायाशी भोक आहे, पावसात पाय धुतले जातात. "आणि डावीकडं वळली की हॉर्न आपोआप वाजतो."

वळवून दाखवली. "पोंऽऽ पें-पें पोंऽऽ." कोंबडा आरवायला लागावा आणि मधेच त्याला ठसका लागावा, तसा आवाज.

मी सावध झालो. इतके दोष आपण होऊन सांगणारा माणूस एक मोठा दोष नक्की दडवतोय. गाडीखाली आडवा झालो. सीटा उचलल्या. टपावर चढून उड्या मारल्या. काही सापडेना. शेवटी इरेला पेटून गाडी घेतली, म्हटलं, घरी नेऊन निवांत शोधू.

तिथलाच गुलाब मिस्त्री गाडी सजवायला आणि पुढं चालवायला ठेवला. त्यानं आत लोखंडी टाकी बसवली, रिठ्याच्या ड्रमाला कडी केली, काठ्या आणि कुंचे अडकवायला खुंट्या ठोकल्या, टपावर जाजम वाळत घालायला दांडे लावले. टाकीच्या तोटीला मी कुलूप घातलं. दाराला दोन घातली. खिडक्यांना आतून काळा रंग दिला.

"आन्ना, हॉर्नची वायर घासतीया. लगेच दुरुस्त करतो," गुलाब म्हणाला.

काम वाढवून मजुरी काढायचा डाव मी ओळखला. "राहू दे," म्हटलं. शिवाय हिंमतरावांनीही निरोप धाडला होता की रंग काय हवा तो द्या, पण हॉर्नला हात लावू नका, गाडी आल्याचं गावाला कळलं पाहिजे. धंद्यातलं कळणारा माणूस.

मग कामं मिळवायला गावोगाव निघालो. आणि काय सांगू, एकाही गावात पुरुष दिसेना. वेशीपाशी डावीकडं वळावं, हॉर्न वाजावा, आणि पारावर नुसते धोतरांचे सोगे पळताना दिसावेत. चिलमी तशाच धुमसत पडलेल्या. घरांच्या दारात फक्त बाया.

"मालक कुठं गेले?" मी विचारायचो.

"शेतात."

"दुष्काळात शेतात काय करतात?"

"तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणून दार बंद.

एका घरी मी समजावून सांगितलं, बाई, मी सतरंज्या धुणारा आहे. ती म्हणाली, "आधी असंच गोड बोलत्यात." पुढं बोलली नाही. मी ताडलं. ही माणसं जाजमं लपवून ठेवतात. बहुतेक देवस्थानची ढापलेली असणार.

सगळी मदार आता सोसायटीच्या जाजमावर होती. शिपाई व्यंकटनं ते आणून टाकलं. टांगून पहिली काठी मारली तर धुळीऐवजी कडबा उडाला. काड्या, पानं, चुरा. झोडत गेलो तसा पोतंभर निघाला. मी म्हटलं, बसायच्या जाजमात कडबा कसा? आणि लगेच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. व्यंकटला काम दुसऱ्या कुणाला द्यायचं असणार, म्हणून मुद्दाम कोंबलाय. मी एकेक काडी वेचून काढली, शेजारच्या मथुराबाईंच्या म्हशीला घातली आणि व्यंकटवर मात केल्याच्या आनंदात दोन घास जास्त जेवलो.

सोसायटीची वार्षिक सभा सकाळी अकराला होती. हिंमतरावांचं बजावणं होतं की सभा भरल्यावरच या, धुतलेलं जाजम सगळ्यांनी बघू द्या. आम्ही वेळेवर पोचलो. देवळापुढच्या पटांगणात सगळं गाव जमिनीवर बसलेलं. आबाराव नावाचा एक तरणाबांड शेतकरी उभा राहून बोलत होता, हात हवेत, आवाज पार रस्त्यापर्यंत.

"दुष्काळाचा म्हणून चारा-डेपोला आलेला सरकारी कडबा गेला कुठं, ते चेअरमन सांगत न्हाईत तवर एक बी सभासद हितनं हलायचा न्हाय!"

पटांगण रस्त्याच्या डावीकडं होतं.

"पोंऽऽ पें-पें पोंऽऽ."

आबाराव आधी हलला. मग सगळेच हलले. पागोटी, पायताणं, पानाच्या चंच्या जागेवर ठेवून शंभरभर बाप्ये काटेरी कुंपणातून असे गेले की कुंपणालाही कळलं नाही. धुरळा बसला तेव्हा पटांगणात हिंमतराव, सेक्रेटरी, हिंमतरावांचे दोन पुतणे आणि सभासद म्हणून आलेल्या म्हाताऱ्या सरुबाई एवढेच होते. मी आणि गुलाबनं जाजम अंथरलं. बसायला माणूस नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

सरुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आप्पा, ही तर नसबंदीच्या आपरेशनची गाडी. तुम्ही सोलापुरात हुता तवा हीच फिरायची गावातनं. हाच भोंगा. घावंल त्या बाप्याला घालून न्यायची शिबिराला आन तुपाचा डबा देऊन सोडायची. वरनं किती बी रंग फासला तरी भोंगा ऱ्हातोय व्हय लपून?"

माझं काम गेलं, दिवाळी गेली, माणिकप्पा डोळ्यांपुढं उभा राहिला. पण हिंमतराव शांतपणे घड्याळ बघत होते. सेक्रेटरीनं जाहीर केलं, गणपूर्ती नाही, सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं तीच सभा त्याच जाजमावर भरली, आणि आता गणपूर्तीची गरज नव्हती. कायदाच आहे तसा.

"कडबा वाटपाचा विषय. मंजूर?"

"मंजूर," पुतणे म्हणाले.

"मला काडी बी मिळाली न्हाय," सरुबाई म्हणाल्या.

"एक विरोध. बहुमतानं मंजूर." मग माझ्याकडं वळून हिंमतराव हसले. "लई झकास धुतलंय, अप्पा. वरीसभराचं काम तुमचं. फकस्त दर सभेला गाडी घेऊन यायचं."

मी तरंगतच घरी आलो. शिवगंगेला सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"गाडीचा पत्ता कुणी दिला हुता तुम्हाला?"

"हिंमतरावांनी."

"हॉर्न ठेवा म्हणून कोण म्हणलं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं बघितलंही नाही. प्रसाद हुंगणारा मी! अख्ख्या तालुक्यात एकाच माणसावर संशय घेतला नव्हता, आणि तो हाच निघाला.

दिवेलागणीला मागच्या दारानं आबाराव आला. अंगावर कुंपणाचे ओरखडे, डोकीला टॉवेल गुंडाळलेला. आधी त्यानं गाडी उघडून दाखवायला लावली. टाकीत वाकून बघितलं, कुंचे हातात घेतले, काठीला बोट लावून बघितलं. मग ओसरीवर टेकला.

"धुयाचीच दिसतीया. आप्पा, जाजमात काय निघालं का वो?"

"कडबा. पोतंभर."

आबाराव ताडकन उभा राहिला. "हिंमतरावानं डेपोतला कडबा रातोरात नेला, तवा गाड्यांवर झाकायला सोसायटीचंच जाजम घातलं हुतं. आमाला फकस्त साक्ष मिळत नव्हती. कुठंय तो कडबा?"

शेजारच्या गोठ्यात मथुराबाईंची म्हैस रवंथ करत होती. मी तिकडं बोट केलं. आबारावानं गोठ्यापाशी जाऊन म्हशीच्या तोंडात वाकून बघितलं.

"बरं," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही झोडून काढलाय की. आमी पुन्हा सभा मागतो. तुम्ही हुबं राहून सांगाल का?"

वर्षाचं काम डोळ्यांपुढून जाऊ लागलं. मी शिवगंगेकडं बघितलं.

"सांगतील," ती म्हणाली. "आन तुम्ही गावातली घरटी एक सतरंजी धुवाय द्याल. हिंमतरावाच्या मेहेरबानीवर जगण्यापरीस आमी माणिकप्पाच्या चादरी मोजू."

"दिली," आबाराव म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "आवं, गाव उगंच भ्यालं. मी सांगतो समद्यांना, भ्यायासारखं काय बी न्हाय त्या गाडीत. सादी धुयाची गाडी." चहा पिऊन, माझ्या पाठीवर थाप मारून तो निघाला. त्याला वाट करून द्यावी म्हणून गुलाबनं दारातली गाडी जरा बाजूला घेतली.

डावीकडं.

आबाराव आमच्या कुंपणावरून गेला. एक चप्पल ओसरीच्या पायरीवरच राहिली. मी निरोपावर निरोप धाडले की न्यायला या. आला नाही. त्याचा अजून माझ्यावर संशय आहे, असं मला वाटतं.