मांजरीच्या मागे कोण?

माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही! माझ्याकडे बालमानसशास्त्राची पदवी आहे आणि अडीच वर्षांची लेक नेल आहे. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज, जिन्याला दोन फाटकं, आणि द्राक्ष द्यायचं तर चार फोडी करून.

म्हणूनच गावच्या नाताळच्या नाटकात मांजर व्हायला मी बेधडक हो म्हटलं. नेल सासूबाईंच्या मांडीवर, पहिल्या रांगेत, थेट माझ्या डोळ्यांसमोर. बेत चोख!

नाटक दरवर्षीचंच. अनाथ पोरगा लंडनला येतो, उपाशी राहतो, पळून निघतो, चर्चच्या घंटा त्याला परत बोलावतात, आणि मांजरीने मारलेल्या उंदरांच्या जिवावर तो महापौर होतो. या नाटकात पोरगा मुलीनेच व्हायचा असतो, म्हणून पोरगा म्हणजे अर्थातच बेकरीवाल्यांची थोरली ब्रायनी, गुडघ्यापर्यंत बूट घालून. उंदरांचा राजा आमचे दंतवैद्य, मिस्टर ओल्डरॉइड.

"उंदीर आला की लोक ओरडणार, 'मागे बघ!'" दिग्दर्शक क्लाइव्ह तालमीत बजावायचे. "तू सगळीकडे बघायचंस, मागे सोडून! रीत आहे ती. मोडलीस तर गाव तुझं तोंड बघणार नाही!"

माझं तोंड तसंही दिसणार नव्हतं. मांजरीच्या डोक्याला बघायची एकच फट, तीही जबड्यात. त्यातून दिसायचे माझे पंजे आणि वीतभर जमीन.

प्रयोग सुरू झाला. ब्रायनी मैलाच्या दगडाला टेकून झोपली. मी शेजारी मिशा साफ करत बसले. एवढ्यात हॉल गरजला, "मागे बघ!"

उंदीर आज लवकर निघालेला दिसतोय, म्हटलं. मी डावीकडे बघितलं.

"मागे! मागे!"

उजवीकडे बघितलं. वर बघितलं. शेपटी उचलून तिच्याखाली बघितलं. खुर्च्या सरकल्या, लोक उभे राहिले. वा, काय रंगलाय प्रयोग!

"इमोजन, मागे बघ गं बाई!" ही किंकाळी सासूबाईंची! माझ्या लग्नातसुद्धा ज्यांनी टाळी वाजवली नव्हती, त्या! मी आनंदाने कानामागे पंजा नेला. "म्याँव?"

झोपलेल्या ब्रायनीने ओठ न हलवता सांगितलं, "अगं, नेल शिडीवर चढलीय!"

सासूबाई टॉफीचा कागद सोडवत होत्या, तेवढ्यात पोर मांडीवरून सटकली होती. आणि शिडी कुठली? रंगवलेल्या घंटाघरामागची, पार छताला भिडलेली!

रीत गेली खड्ड्यात! मी गर्रकन वळले, शेपटीत पाय अडकला, दगड आडवा, दगडावर ब्रायनी, ब्रायनीवर मी. फटीतून दिसली फक्त शिडीची खालची पायरी. रिकामी. डोकं उपटायला गेले, तर मानेमागे दुहेरी गाठ. सुरक्षित असावी म्हणून मीच मारून घेतलेली!

तेवढ्यात "हूऽऽऽ!" अशी प्रचंड हुर्यो उठली. गाठ तुटली, डोकं निघालं, आणि मला दिसलं. उंदरांचा राजा नेलला छातीशी घट्ट धरून एकेक पायरी उतरत होता, आणि सगळा हॉल त्याची छी-थू करत होता! खलनायक दिसला की करायचीच असते.

"जा बिळात, हलकटा!" तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. मिस्टर ओल्डरॉइड घामाघूम होऊन पुटपुटले, "आलोच हं, बाळा, आलोच."

मी हात पसरून धावले. "नेल! माझं सोनं!"

नेलने पाहिलं. खाली मांजर, आणि मांजरीच्या मानेतून बाहेर आलेलं आईचं डोकं. तिने भोकाड पसरलं, "मांजरीनं आईला खाल्लं!" आणि उंदराच्या मानेत तोंड खुपसलं.

"नाही गं! मीच तुझी आई आहे!"

आमच्या नाटकात रंगमंचावरून कुणी 'आहे' म्हणालं की हॉलने 'नाही' म्हणायचं असतं. हॉलने म्हटलं.

"नाहीऽऽस!"

"आहे! खरंच आहे!" मला रडू फुटलं होतं.

"नाहीऽऽस!"

सगळ्यात मोठा आवाज सासूबाईंचा. त्या डोळे पुसत ओरडत होत्या, म्हणून माफ केलं. पण नेलने बहुमत मानलं. घरी ती मिस्टर ओल्डरॉइडांच्या कडेवरूनच आली.