मयताने श्वास घेऊ नये

"मेलेल्या माणसानं शिंकू नये. खोकू नये, आवंढा गिळू नये, आणि कुणी नावानं हाक मारली तर पापणी हलवू नये. बाकी त्याला पूर्ण मोकळीक आहे."

हे वचन माझ्या वडिलांचं. त्यांचा आवाज अजून कानात आहे तो स्वयंपाकघरातल्या फरशीवरून वर आलेला, कारण सराव ते तिथंच करत. वडील धंद्यानं मयत होते. आधी नाटकांत, मग मालिकांत. खून झालेला माणूस लागला की त्यांना बोलावणं येई. ते जाऊन पडत आणि काम झालं की चालत घरी येत. चित्रीकरणाच्या ठिकाणी लहानथोर सगळे त्यांना 'मयतकाका' म्हणत, आणि तेही 'ओ' देत. (काम चालू नसतानाच.)

मी पाच-सहा वर्षांची असताना आमचा एक खेळ होता. वडील फरशीवर मरत आणि मी शिवणाचा दोरा त्यांच्या नाकाशी धरून बसे. दोरा हलला की "पकडलं!" म्हणून ओरडायचं. इतक्या वर्षांत दोरा एकदाही हलला नाही. आई गरम पातेलं घेऊन त्यांच्यावरून पाय टाकत जायची आणि म्हणायची, "जिवंत असाल तर सरका. मेला असाल तर थांबा, हात मोकळे झाले की उचलते." मग चुलीकडं तोंड करून गुणगुणायची:

हाक मारते दारात, हाक घरात शिरेना
अशी लागली गं झोप, बाई, कूसही फिरेना

असो. हा मजकूर वडिलांविषयी नाही. तो प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांविषयी आहे.

कुठल्याही समाजाची जाण किती खोल आहे, हे तो कशाची तक्रार करतो यावरून मोजावं. हे मोजण्याचं काम आमच्या वाहिनीचा प्रेक्षक प्रतिक्रिया कक्ष करतो. मी तिथं कनिष्ठ लिपिक आहे. कक्ष दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. चार टेबलं, एक न उघडणारी खिडकी आणि चार ट्रे: प्रशंसा, तक्रार, सूचना, इतर. आलेल्या प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक पडतो, त्याचा दोन ओळींचा सारांश होतो, आणि उत्तर जातं: "आपली प्रतिक्रिया आमच्यासाठी मोलाची आहे." (हे उत्तर आधीच छापून ठेवलेलं असतं. मोल ठरलेलंच असल्यामुळं पत्र वाचेपर्यंत थांबावं लागत नाही.)

आमच्याकडची बहुतेक पत्रं एकाच मालिकेला येतात. दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता ती लागते. तिचा नायक फौजदार आहे आणि अमर आहे. एका साधूचा शाप आहे की वर, हे पहिल्या भागात सांगितलं होतं, पण त्या भागाची फीत सापडत नाही. आजवरच्या एकशे अठ्ठ्याहत्तर भागांत फौजदारसाहेब दोनशे तीन वेळा मेले: गोळ्या लागून, बुडून, कड्यावरून पडून, आणि एकदा लिफ्टमध्ये अडकून. दर वेळी ते उठतात, गुडघे झटकतात आणि विचारतात, "आता पुढचा कोण?"

अशी मालिका पाहणारा प्रेक्षक भोळा असेल, असं कुणाला वाटेल. तो गैरसमज दूर व्हावा म्हणून काही नोंदी देते.

एका शिंप्याचं पत्र: साहेबांना छातीत सहा गोळ्या लागल्या, पण पुढच्या प्रसंगात सदरा धड आहे. रफू कुणी केलं? इतकं सफाईदार रफू करणाऱ्याचा पत्ता कळवावा.

एका गृहिणीचं: साहेबांची बायको रक्ताचे डाग गरम पाण्यानं धुते. त्यानं डाग पक्के बसतात. नवरा आठवड्याला मरत असताना बाईला एवढंही कळू नये?

एका निवृत्त कारकुनाचं, बारा पानी, सोबत तक्ता: साहेब तीनशे वर्षं सेवेत असून अजून फौजदारच कसे? सेवाज्येष्ठतेप्रमाणं ते एव्हाना खात्याचे सर्वोच्च अधिकारी असायला हवेत. हा अन्याय कुणाच्या इशाऱ्यावर चालला आहे?

दर शुक्रवारी साहेबांच्या निधनाबद्दल सरासरी चाळीस शोकपत्रं येतात आणि शनिवारी, ते उठल्याबद्दल, त्याच चाळीस पत्त्यांवरून अभिनंदनं. (दोन्हींना एकच उत्तर जातं. अजून कुणी हरकत घेतलेली नाही.)

माणूस गोळ्या खाऊन उठतो कसा, असं विचारणारी पत्रं: शून्य.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण कक्षाला एक नियम आहे. आठवड्याला दोनशे प्रतिक्रिया आल्या नाहीत, तर कक्षाची गरज नाही असं समजून तो बंद करायचा. एखाद्या आठवड्यात लोक आपापल्या घरच्या भानगडींत गुंततात आणि पत्रं कमी पडतात. अशा वेळी आम्ही लिपिक स्वतः पत्रं लिहितो. याला कार्यालयीन भाषेत 'पूरक प्रतिक्रिया' म्हणतात. दर माणशी पाच. हस्ताक्षर बदललेलं हवं, शाई वेगळी हवी, आणि निदान एका पत्रात चार शुद्धलेखनाच्या चुका हव्यात. (मूळ प्रेक्षकाचा मान राखण्यासाठी.)

एकशे बाराव्या भागाच्या आठवड्यात वीस पत्रं कमी पडली. कक्षप्रमुख म्हणाले, "चला, समाज जागा करा."

मी चार लिहिली. पाचव्याला काही सुचेना. आदल्या संध्याकाळी भाग घरी पाहिला होता. चौदाव्या मिनिटाला गोदामात वडील पडलेले. अंगावर चादर, पाय बाहेर. पाय दिसले की मयत पटतो, असं दिग्दर्शकाचं मत होतं. तपकिरी मोजे, डावा अंगठ्यापाशी फाटलेला, आईनं तो हिरव्या दोऱ्यानं शिवलेला. घरात तपकिरी दोरा नव्हता. शेजारी साहेबांना नऊ गोळ्या लागतात, ते कोसळतात, उठतात, गुडघे झटकतात. आणि त्याच वेळी, इकडं कोपऱ्यात, चादर हलकेच वर जाते आणि खाली येते.

मला हसूच आलं. इतक्या वर्षांनी दोरा हलला होता! मी पेन डाव्या हातात घेतलं आणि लिहिलं:

"भाग ११२, चौदावे मिनिट. मयत श्वास घेतो. मयताने श्वास घेऊ नये. — एक जागरूक प्रेक्षक."

पत्र तक्रारीच्या ट्रेत टाकलं आणि डबा खायला गेले.

कक्षप्रमुखांना ते फार आवडलं. थोडक्यात आहे, मुद्देसूद आहे, आणि प्रेक्षकाची नजर किती बारीक आहे ते दाखवतं, असं म्हणून त्यांनी ते रविवारच्या 'तुमचं पत्र' कार्यक्रमात वाचून दाखवायला दिलं. पुढच्या दहा दिवसांत एकशे बाराव्या भागाच्या श्वासाबद्दल दोन हजार तीनशे सतरा पत्रं आली. घोर फसवणूक, लिहिलं होतं. मुलांवर काय संस्कार होतील, असं विचारलं होतं. एकानं लिहिलं, "मालिकेत वास्तवाचं भान उरलेलं नाही. आता फक्त फौजदारांसाठीच बघतो."

इतकी पत्रं म्हटल्यावर समिती नेमणं आलं. समितीनं तीन बैठका घेतल्या, श्वास सोळा वेळा पाहिला आणि तो एकच असल्याचं बहुमतानं ठरवलं. मग मयताला खुलाशासाठी बोलावलं. पहिलं पत्र त्यांच्या हातात दिलं. वडिलांनी ते, म्हणतात, बराच वेळ पाहिलं. त्या पत्राखालीच त्यांचा लेखी खुलासा फाइलीत आहे. तो जसाच्या तसा देते:

"मी श्वास घेतला हे खरे आहे. पुन्हा घेणार नाही."

समितीला खुलासा समाधानकारक वाटला आणि वडिलांचं काम बंद झालं. त्यांच्या जागी रबरी मयत आणला. त्यालाही चादर, त्यालाही बाहेर पाय. मोजे मात्र कोरे. पुढच्या आठवड्यात एकोणनव्वद प्रशंसापत्रं आली. मयताचा अभिनय लक्षणीय सुधारल्याचं त्यांत एकमत होतं.

घरी जेवताना वडिलांनी एकदा विचारलं, "कक्षात काम बरं चाललंय ना गं?" मी म्हटलं, "पत्रं खूप येतात, बाबा." ते म्हणाले, "चांगलं आहे. येऊ देत." एवढंच. दुपारी ते फरशीवर पडायचे थांबले. खुर्चीत बसू लागले. आईला पातेलं घेऊन जायला वाट मोकळी झाली, पण ती त्या जागेवरून पाय उचलूनच जाई.

आठ महिन्यांनी, त्याच खुर्चीत, वडिलांनी खुलाशात दिलेला शब्द पाळला.

शेजारीपाजारी आले. सगळे चांगलं बोलले. एकजण म्हणाले, "किती शांत दिसतायत, सवयच होती." दुसऱ्यानं जाता जाता मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुम्ही तिथं कामाला आहात म्हणून विचारतो, गुरुवारी साहेब विहिरीतून बाहेर येणार ना?"

येतात, म्हणून सांगितलं.

यंदा गुरुवारच्या त्याच वेळेला मालिकेच्या निवडक भागांचं पुनःप्रक्षेपण ठरलं. जुने भाग प्रेक्षकांच्या सूचनांप्रमाणं सुधारून दाखवायचे. सदऱ्याला भोकं पाडण्यात आली. रक्ताचे डाग थंड पाण्यानं धुतले गेले. फौजदारांना बढती देता आली नाही, कारण मग मालिकेचं नाव बदलावं लागलं असतं. आणि एकशे बाराव्या भागातला श्वास संगणकावर काढून टाकावा, अशी टिपणी झाली. टिपणीचा मसुदा माझ्याकडं आला, कारण श्वासाची फाइल माझ्याकडं होती. बाहेर जाणाऱ्या कागदावर माझी आद्याक्षरं लागतात. मी ती केली.

घरी हे मी बोलता बोलता सांगितलं. आई भांडी पुसत होती.

चार दिवसांनी टपालात एक पत्र आलं. वहीचं फाडलेलं पान, गोल अक्षर, शाईचा डाग बोटानं टिपलेला. "भाग ११२ मधला श्वास काढू नये, ही विनंती. तेवढाच आहे. — एक प्रेक्षक."

अक्षर मी ओळखलं. शाळेत माझ्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या याच अक्षरात जायच्या. मी पत्रावर आवक क्रमांक घातला. ही प्रशंसा नव्हती, तक्रार नव्हती, आणि सूचना म्हणावी तर निर्णय झालेला होता. मी ते 'इतर'मध्ये ठेवलं. उत्तर पाठवलं: आपली प्रतिक्रिया आमच्यासाठी मोलाची आहे. ते उत्तर पोस्टमननं आमच्याच दारात टाकलं. आईनं ते वाचलं आणि डब्यांच्या फळीवर नीट घडी करून ठेवलं.

त्या आठवड्यापासून, पत्रं कमी पडोत न पडोत, मी पूरक प्रतिक्रिया लिहू लागले. पाचही पत्रं श्वासाच्या बाजूनं. उजव्या हातानं, डाव्या हातानं, हिरव्या शाईत, शुद्धलेखनाच्या चुकांसह. हिशेब सरळ होता: दोन हजार तीनशे सतरा पत्रांची बरोबरी करायला, आठवड्याला पाच या दरानं, चारशे चौसष्ट आठवडे लागणार होते. भाग येत्या चौथ्या गुरुवारी होता. तिसऱ्या आठवड्यात कक्षप्रमुखांनी मला बोलावून समज दिली, "अगं, एकाच विषयावर इतकी पत्रं? प्रेक्षक असा नसतो."

त्यांचं बरोबर होतं.

चौथ्या गुरुवारी आठ वाजता आई आणि मी बसलो. आईनं चष्मा पदरानं पुसला. चौदावं मिनिट आलं. गोदाम, चादर, पाय. साहेबांना गोळ्या लागल्या, ते कोसळले, उठले, गुडघे झटकले. (त्यांना किती गोळ्या लागल्या, हे वाचकांना पाठ असेल. मयताचा मोजा कुठल्या रंगाच्या दोऱ्यानं शिवला होता, तेही मी सांगितलं आहे. वर जाऊन पाहू नये.) चादर हलली नाही. सुधारणा चांगली झाली होती. वडील अगदी वडिलांच्याच वचनाप्रमाणं पडून होते.

पडद्यावर साहेबांनी विचारलं, "आता पुढचा कोण?"

आई उठली आणि तिनं टीव्ही बंद केला. मी म्हटलं, "आई, ते पहिलं पत्र मी लिहिलं होतं. पाच भरायची होती. बाबांचं काम माझ्यामुळं गेलं."

आई माझ्याकडं न बघता फरशीकडं बघत राहिली, ते पडायचे त्या जागेकडं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ह्यांना कागद दाखवला ना तिथं, तेव्हाच अक्षर ओळखलं त्यांनी. डाव्या हातानं लिहिलंस तरी तुझा 'श' तसाच पोट सुटलेला. तुला सांगू नको म्हणाले, पोर जिवाला लावून घेईल. मी कपाळाला हात लावून बसले, तर हे आपले हसतायत. म्हणाले, अगं, गावच्या गाव बघतं, आणि सगळ्यांची नजर त्या उठणाऱ्यावर. पडलेल्याकडं बघणारी एवढ्यांत एक निघाली, ती आपली. मग कितीतरी वेळ नुसते हसत होते गं." तिनं पदर तोंडाला लावला, आणि काढला. "म्हणाले, पकडलं. शेवटी पकडलं पोरीनं."