खिडक्यांची मापं

पाळकीणबाईंना बदलीचा वास यायचा. बिशपसाहेबांच्या कचेरीत कागद टाईप व्हायच्या आधी! "बारा वर्षांत सात बदल्या झाल्या, हे आठवं घर," त्या सांगत, "पण माझं नाक एकदाही चुकलं नाही." आणि हे त्या येता-जाता सांगत नसत. समोरच्याला खुर्चीवर बसवून, हातात चहाचा कप देऊन, पळता येणार नाही अशा बेतानं सांगत.

दुसरा अभिमान होता आवराआवरीचा. अख्खं घर नऊ तासांत खोक्यांत! स्वयंपाकघर तीन तास, कपाटं दोन, पाळकसाहेबांची पुस्तकं तीन, आणि खुद्द पाळकसाहेबांना खुर्चीतून उठवायला एक. प्रत्येक खोक्यावर आकडा, प्रत्येक आकड्याची वहीत नोंद. अवजड सामान मात्र बरोबर न्यायचं नाही. ते निघताना चर्चच्या मंडळीतल्या लोकांना वाटून टाकायचं आणि नव्या ठिकाणी देव नवं देईल असा विश्वास धरायचा. देव देतही असे. म्हणजे तिकडच्या मंडळीत ज्यांच्या घरी नवा सोफा आलेला असे, ते आपला जुना देवाच्या नावानं पाळकाच्या घरी आणून टाकत.

या आठव्या घरात मात्र भानगड झाली. भानगड म्हणजे, बाईंना घर आवडलं. बैठकीच्या चार खिडक्यांतून सकाळी भरपूर उजेड यायचा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या आजी शेजारीच राहायच्या, त्या चुकीचा सूर लागला की स्वतःलाच रागवायच्या. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांची पंधरा वर्षांची लेक चिमी इथे पहिल्यांदा मैत्रिणी घरी आणायला लागली होती. सात शाळा पालथ्या घातलेली पोरगी! आधीच्या शाळांत ती मैत्री करायचीच नाही. "कशाला? परत नावं पाठ करा, परत विसरा," म्हणायची.

"आई, शाळेचं शेवटचं वर्ष मी इथेच काढणार. शपथ घे."

"आपण शपथ घेत नाही, चिमे. पाळकाचं घर आहे हे."

"मग वचन दे."

"दिलं," बाई म्हणाल्या. आणि मनापासून म्हणाल्या, हीच तर पंचाईत.

त्यानंतर महिन्याभरातच एका मंगळवारी चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाचे चिटणीस दारात उभे राहिले. पाळकसाहेब तीन दिवसांच्या पाळक-परिषदेला गेले होते. चिटणिसांच्या हातात मोजपट्टी होती आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव.

"सहज आलो होतो. खिडक्या बघायला."

"खिडक्या सहज बघायला मोजपट्टी लागते?"

"अं... असते माझ्याकडे. सवय!"

सवय असलेल्या त्या गृहस्थांनी बैठकीच्या चारही खिडक्यांची लांबी-रुंदी घेतली, आकडे तळहातावर लिहिले आणि चहा न घेता पळ काढला. चिटणीस! चहा न घेता! ज्यांनी आजवर एका भेटीत दोन कपांखाली कधी समझोता केला नव्हता!

बाई मटकन खाली बसल्या. खिडक्यांची मापं! दुसरा अर्थच नव्हता. बदली ठरली की येणारी नवी पाळकीणबाई सगळ्यांत आधी पडद्यांची मापं मागवते. हे बाईंना कसं माहीत? सातही वेळा त्यांनी स्वतःच मागवली होती! फोनवर, हळू आवाजात, "तिथल्या बाईंना कळू देऊ नका हं, वाईट वाटेल त्यांना," असं बजावून.

"बदली," संध्याकाळी त्या चिमीला म्हणाल्या.

चिमीच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "तू वचन दिलं होतंस."

"माझ्या हातात आहे का ते?"

"पण नक्की कुठे ठरलंय? एकदा चिटणीसकाकांना विचार तरी!"

"विचारायचं?" बाईंनी छातीवर हात ठेवला. "लोक काय म्हणतील! पाळकाच्या घरात विश्वास नाही म्हणतील!"

हा त्या घरातला मोठा नियम. पाळकसाहेबांनी दीक्षेच्या दिवशी 'पाठवाल तिथे जाईन' असं म्हटलं होतं. पुढे भक्तीच्या भरात त्यांनी त्यात 'कुठे, कधी आणि का, हेही विचारणार नाही' अशी स्वतःची भर घातली. त्यामुळे एकदा ते सामानासकट भलत्याच गावी उतरले होते आणि तिथल्या मंडळीसमोर अर्धा संदेश देऊन झाल्यावर चूक उघडकीला आली होती. तरी नियम बदलला नाही. उलट तो अर्धा संदेश फार आशीर्वादित झाला असं ते सांगत.

चिमी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं ते अगदी हळू लावलं. अशा वेळी दुसरी बाई रडली असती. आमच्या बाईंनी पदर खोचला आणि माळ्यावरून खोकी काढली.

गुरुवारी दुपारी पाळकसाहेब परतले. तीन दिवस परिषदेत ते एकच प्रार्थना करत होते, "प्रभू, पुढचं पाऊल दाखव!" घरात पुढचं पाऊल टाकलं ते थेट चौदा नंबरच्या खोक्यावर. साहेब आडवे! डोळे उघडले तर चहूबाजूंनी खोकीच खोकी.

"कळलं! प्रभू, कळलं!" साहेब जमिनीवरूनच ओरडले.

बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "कळलं तुम्हाला?"

"आत्ताच!"

"मला मंगळवारीच कळलं."

साहेबांनी बायकोकडे आदरानं पाहिलं. आपल्याला आज झालेलं दर्शन हिला दोन दिवस आधी झालं! बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि समजल्या की परिषदेत बिशपसाहेबांनी ह्यांना सांगितलं असणार. दोघांनी मिळून आभाराची प्रार्थना केली. ज्या गोष्टीबद्दल आभार मानले ती दोघांपैकी एकालाही माहीत नव्हती, पण प्रार्थना फार सुंदर झाली.

रविवारी साहेबांनी तंबूवर संदेश दिला. आपण सगळे तंबूत राहणारे आहोत, देव म्हणेल तेव्हा खुंट्या उपटायच्या, कुठे जायचं ते विचारायचं नाही! पहिल्या रांगेनं डोळे पुसले. दुसरी रांग कुजबुजली. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेतो साहेबांची बदली, ट्रक आणि ट्रकची वेळसुद्धा ठरली होती.

उरलेलं काम महिलांच्या प्रार्थनासभेनं केलं. तिथे कुचाळक्या करायला सक्त मनाई होती, म्हणून सगळ्या बातम्या प्रार्थनेतून दिल्या जात. "बायांनो, एका कुटुंबासाठी प्रार्थना करू या," चिटणीसबाई डोळे मिटून म्हणाल्या. "ते आपल्याला सोडून चाललंय. नाव घेत नाही. चर्चच्या शेजारीच राहतं, आणि साहेब चष्मा लावतात."

आता खरी गंमत ऐका. बदलीबिदली काहीच नव्हती! वडीलमंडळानं एकमतानं बिशपसाहेबांना कळवलं होतं, की आमचे पाळक आम्हाला आणखी पाच वर्षं द्या. ती आनंदाची बातमी सांगताना बाईंना नवे पडदे भेट द्यायचे, असा बेत होता. म्हणून ती मापं! चिटणिसांनी बिचाऱ्यांनी दुकानात कापडही फाडून घेतलं होतं. आणि इकडे पाळकांनी तंबू गुंडाळायला घेतलेला!

"आपण पाच वर्षं मागतोय, आणि ह्यांनी परस्पर दुसरीकडचं बोलावणं घेतलं!" चिटणीस बायकोला म्हणाले.

"विचारा ना मग त्यांना."

"देवमाणसाला जाब विचारू? मी?"

नाही विचारलं. उलट दुखावलेल्या मनानं त्यांनी जोरदार निरोप समारंभाची तयारी सुरू केली. असा समारंभ करायचा, की ह्यांना जाताना लाज वाटली पाहिजे!

तोवर बाईंनी सामान वाटायला घेतलं. सोफा आजींना, जेवणाचं टेबल शिंपीकाकांना, दोन्ही कपाटं बालवाडीला. प्रत्येक वस्तूवर हात ठेवून पाळकसाहेब प्रार्थना करायचे आणि मग ती उचलली जायची. फ्रीज गेला चिटणिसांकडे.

"राहू द्या हो, पाळकीणबाई, कशाला एवढं," चिटणीसबाई म्हणत होत्या. आणि म्हणताना दोन्ही हातांनी फ्रीज असा धरून ठेवला होता, की प्रार्थना संपेपर्यंत सुद्धा सोडला नाही.

निरोपाचा रविवार उजाडला. चर्च गच्च भरलेलं. बिशपसाहेब आले, तेव्हा त्यांच्या खिशात पाच वर्षांच्या मुदतवाढीचं सहीशिक्क्याचं पत्र होतं. समोर बघतात तो भिंतभर कापडी फलक, 'आमच्या लाडक्या पाळकांना साश्रू निरोप'. बिशपसाहेब चमकले. पण तेही अनुभवी. देवानं पाळकांना काही निराळं सांगितलं असेल, आपण कशाला मध्ये पडा? पत्र निमूटपणे खिशात आणखी आत गेलं.

भाषणं झाली. शिंपीकाका रडले. आजींनी निरोपाचं गीत वाजवताना दोनदा चुकीचा सूर लावला आणि स्वतःला रागवल्याच नाहीत. मग साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची वेळ आली. 'कुणाला काही सांगायचंय?' असं म्हणताच तिसऱ्या रांगेतून चिमी उठली. पंधरा दिवसांत ती आईशी धड पंधरा वाक्यं बोलली नव्हती.

"मला साक्ष द्यायची नाही. एक प्रश्न विचारायचाय," ती म्हणाली. "उद्या शाळेत दाखला काढायला जायचंय. त्या अर्जावर नव्या गावाचं नाव लिहावं लागतं. आपण कुठे चाललोय?"

पाळकसाहेब हसून म्हणाले, "बेटा, ते बिशपसाहेब सांगतील."

"मी?" बिशपसाहेब दचकले. "मला वाटलं तुम्हाला कुठून तरी बोलावणं आलंय."

"मला नाही! हिला आधीच कळलं होतं. मंगळवारी."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई उठून उभ्या राहिल्या. "मला कुणी सांगितलं नाही काही. चिटणीस खिडक्यांची मापं घेऊन गेले, म्हणून..."

"ती पडद्यांची होती, बाई!" चिटणीस जागेवरूनच ओरडले. "तुमच्या पडद्यांची! तुम्ही राहावं म्हणून!"

बिशपसाहेबांनी खिशात खोलवर हात घातला, चुरगळलेलं पत्र काढलं आणि घसा साफ करून वाचलं. पाच वर्षं. आणखी पाच वर्षं, याच मंडळीत.

मग टाळ्या! आजींनी कुणी न सांगता ऑर्गनवर दोन्ही हात टाकले. चिमी मात्र आईकडे बघत राहिली, कारण आई उभ्या उभ्या रडायला लागली होती. बारा वर्षांत कुणी बाईंना रडताना पाहिलं नव्हतं. पाळकसाहेबांनी सुद्धा नाही, आणि तो माणूस तर घरातच असायचा.

"मला जायचं नव्हतं गं," बाई लेकीला मिठीत घेऊन म्हणाल्या, आणि चर्चमध्ये घुमतं हे विसरल्या. "एकदाही जायचं नव्हतं. सातही वेळा! पण आपणच आधी खोकी भरली, की कुणी घालवून दिलं असं वाटत नाही."

"मला सांगायचंस ना मग," चिमी म्हणाली. "मला वाटायचं तुला आवडतं."

पाळकसाहेब खाली मान घालून चष्मा पुसत होते. तो बराच वेळ स्वच्छ होईना.

तर असा सगळा आनंदीआनंद झाला आणि कुटुंब घरी परतलं. घर म्हणजे चार खिडक्या, चार नवे पडदे आणि सव्वीस खोकी! पाळकसाहेबांनी चौदा नंबरच्या खोक्यावर बसून जेवण केलं आणि साधेपणाचे फायदे सांगायला सुरुवात केली. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा फायदा त्यांच्या तोंडातच राहिला.

सामान परत मागायचं कसं? प्रार्थना करून दिलेलं! बालवाडीनं तर 'देवानं कपाटं पाठवली' अशी साक्षसुद्धा दिली होती. बाई आठवडाभर झुरल्या. शेवटी चिमी शेजारी गेली आणि ऑर्गनवाल्या आजींना म्हणाली, "आजी, आमचा सोफा परत द्याल?"

"अगं ने गं बाई ने! आत्ताच्या आत्ता ने!" आजी जवळजवळ ओरडल्याच. "इतके दिवस त्याच्यावरून चढून स्वयंपाकघरात जातेय मी! पण तुम्हाला कसं म्हणू? पाळकांनी हात ठेवलेला!"

शिंपीकाकांचं तेच. टेबल त्यांच्या दारातून आतच गेलं नव्हतं, अंगणात कापड झाकून ठेवलं होतं. कपाटंही आली. चिमीनं दारोदार जाऊन एकेक प्रश्न विचारला आणि चार दिवसांत घर भरलं. आता ती शाळेतून दोन मैत्रिणींना घेऊन येते. तिघी त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात आणि बाई त्यांना 'पाय खाली' म्हणत नाहीत.

राहता राहिला फ्रीज.

"मी विचारू का चिटणीसबाईंना?" चिमीनं परवाच आईला विचारलं.

"नको गं, बरं दिसत नाही ते," बाई म्हणाल्या. "त्यासाठी मी रोज प्रार्थना करतेय."

तिकडे चिटणीसबाईही रोज प्रार्थना करतात, त्याच फ्रीजला टेकून, की ती पोरगी आपल्या दारात न येवो. पण पाळकीणबाईंना घाई नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात पाच वर्षं आहेत!