इंदूआत्यांचा डावा हात

आमच्या गावात फोटोला उभ्या राहिलेल्या माणसाचं जे चौकटीबाहेर राहतं, ते पुढचा फोटो निघेपर्यंत नाहीसं होतं. आणि नियमाप्रमाणे एका घराला वर्षातून एकच फोटो. तक्रारीचा छापील अर्ज ग्रामपंचायतीत मिळतो.

गावात फोटो मीच काढतो, त्यामुळे बोलणीही मीच खातो.

दातीरांचा फोटो दर पाडव्याला असतो. पुरुष खुर्च्यांवर, सुना मागे उभ्या, आणि अण्णासाहेबांची बहीण इंदूआत्या अगदी कडेला, कारण पुरणाखालचा गॅस बंद करून त्या सगळ्यात शेवटी येतात. गेल्या पाडव्याला त्यांचा डावा हात कोपरापासून बाहेर राहिला. बाईंनी वर्षभर एका हाताने पोळ्या लाटल्या. मला फार लाज वाटायची. अण्णासाहेबांनी मात्र तक्रार केली नाही. "उजवा आहे ना? मग झालं तर!" म्हणाले.

यंदा मी कॅमेऱ्याची तिवई लावत होतो, तेव्हा आत्या जवळ आल्या.

"शशिकांता, चांगला फोटो म्हणजे काय रे?"

विषय माझ्या आवडीचा निघाला. मी म्हणालो, "आत्या, एकच विषय ठेवायचा. नजर भटकवणारं सगळं बाहेर. आणि विषयाच्या भोवती जरा मोकळी जागा."

"म्हणजे इतकी वर्षं तू वाईट फोटो काढलेस."

"गर्दी किती असते, बघताय ना!"

"मग यंदा चांगला काढ," आत्या म्हणाल्या आणि गॅस बंद करायला गेल्या.

त्या येऊन कडेला उभ्या राहिल्या. मी तिवई चार पावलं उजवीकडे सरकवली.

"अरे ए, मधोमध मी बसलोय!" अण्णासाहेब ओरडले.

"दिसताय, अण्णासाहेब. हलू नका."

मी बटण दाबलं.

अंगणात सात रिकाम्या खुर्च्या उरल्या. आत्यांनी डाव्या हाताची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. पाचही होती. मी त्यांना फोटो दाखवला. खरं सांगतो, इतका चांगला फोटो मी जन्मात काढला नव्हता.

मग मी डायरी उघडली. "पुढच्या पाडव्याची वेळ लिहून ठेवू का, आत्या?"

आत्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"मेल्या, आधी हा तर डोळे भरून बघू दे!"