पत्त्यासकट प्रार्थना

रूथताई देवाला पिनकोडसकट पत्ता सांगतात. डोळे मिटले की सुरू. "हे प्रभू, यादवभाई, ट्रक ड्रायव्हर, मुक्काम कशेळी, पुलाच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीमागे, दुसरा मजला. त्यांचा गुडघा बरा कर. उजवा."

वळ गावच्या ज्या गोडाऊनमध्ये मी बिलिंग बघते, तिथे त्या डिस्पॅचला आहेत. अर्धवट पत्त्याचा माल परत येतो, हे त्या रोज बघतात. देवाच्या बाबतीत त्यांना तो धोका नको असतो.

नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" आणि दुसरा, "येशूबद्दल कधी ऐकलंय?" मधे श्वाससुद्धा नाही. ड्रायव्हरला हिंदीत, हमालाला मराठीत, तपासणीला आलेल्या साहेबाला दोन्हींत. कुणी नको म्हटलं तर राग नाही. "बरं, राहिलं. चहा घेणार?"

मलाही पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, "आमचा गणपती समर्थ आहे."

"असू दे की. पण पाठ दुखते ना तुमची?"

दुखत होती.

गोडाऊनची जागा म्हात्रेशेठची. ते एकदा गमतीने म्हणाले, "ओ ताई, माझ्या बोरिंगला पानी न्हाय. तुझ्या देवाला सांग काय तं!" ताईंनी तिथल्या तिथे डोळे मिटले. महिन्याभरात पाणी लागलं, पण शेठच्या चुलतभावाच्या बोरिंगला. त्या चुलतभावाशी शेठची कोर्टात केस चालू! शेठ तणतणत आले. ताई शांतपणे म्हणाल्या, "चूक माझी. घाईत नुसतं 'म्हात्रे, वळ' म्हणाले. वळमध्ये अर्धा गाव म्हात्रे हाय, शेठ."

तेव्हापासून त्या सर्व्हे नंबरही विचारून घेतात.

देवाबद्दल मला फारसं कुतूहल नाही, माणसांबद्दल आहे. दिवसभर 'नको' ऐकून दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न तितक्याच उत्साहाने विचारणारा माणूस मला कळत नव्हता. आमच्या सेल्सच्या पोरांना कमिशन देऊनही हे जमत नाही. एका दुपारी डबा खाताना मी सरळच विचारलं, "आजवर किती जण वळले हो तुमच्याकडे?"

"एक पण नाही," त्या बोंबलाचा काटा काढत म्हणाल्या.

"मग कशाला घसा सुकवता?"

"मी आधी अशी नव्हते, प्रधानबाई. भाजीवाल्याला भाव विचारायलासुद्धा लाजायचे." त्यांनी काटा कागदावर ठेवला. "आमचे हे पॉवरलूमवर कामाला होते. नावाला ख्रिस्ती. चर्चची पायरी चढले ती लग्नाच्या दिवशी. त्यांच्याशी प्रभूबद्दल बोलायचं रोज मनात यायचं. म्हणायचे, बोलू निवांत. एका सकाळी ड्युटीवरून आलेच नाहीत. लूमवरच गेले, हार्टने. आता वर गेल्यावर ते भेटतील की नाही, तेच कळत नाही. मी सांगितलंच नाही ना त्यांना."

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मी हातातला घास डब्यात ठेवला. पण रडण्यात मला गती नाही. मी विचारलं, "घर केवढं होतं?"

"शेलार गावात, चाळीत. एक खोली. का?"

"घरी प्रार्थना मनात करायचात?"

"मनात कशाला? दार लावून गीतं म्हणायचे सकाळी. बोलताना लाज वाटायची, गाताना नाही. शेजारची बाई भिंत ठोकायची."

"आणि तुमचे हे कुठे असायचे?"

"तिथेच. रात्रपाळी करून आलेले. झोपलेले."

"रात्रभर लूमचा खडखडाट डोक्यात घेऊन आलेला माणूस पडल्या पडल्या झोपतो? तेही भिंतीपलीकडची बाई जागी होते अशा आवाजात? अहो रूथताई, त्यांनी सगळं ऐकलंय. तुम्ही वेगळं काय सांगणार होतात?"

त्या डबा बंद करायला लागल्या, पण झाकण काही नीट बसेना.

"पांघरूण डोक्यावरून घ्यायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाय तेवढा बाहेर असायचा." आणि मग एकदम, "हलायचा तो."

"काय?"

"पाय. ठेक्यावर."