चौदा दिवसांच्या सनदेची हकीकत

॥ श्री ॥ जो वाटेस लागलेल्यास सावली देतो आणि सावलीत बसलेल्यास उठावयाचे बळ देतो, त्यास दंडवत घालून, मुक्कामसंघाची सनद आणि चाकांवरील एक संस्थान यांची हकीकत, जैसी घडली तैसी, पदरचे थोडके मीठ घालून लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मास.

ते समयी भास्करराव म्हणोन एक गृहस्थ होते, त्यांचे संस्थान सहा चाकांवर उभे असे. दोन वर्षांमागे त्यांनी विटांचे घर विकले आणि चूल, न्हाणी, चार बिछाने व एक मोठी खिडकी ऐसा चालता वाडा घेतला, आणि आता मुलूख पाहावा, कोठे बांधून घेऊ नये, ऐसा निश्चय केला. रावांची चाकरी संगणकावरची, म्हणोन जेथे जाळे पोहोचे तेथे कचेरी भरे. समागमे कुटुंब कालिंदीबाई, कन्या शर्वरी वय वर्षे अकरा, आणि तीर्थरूप आबासाहेब वय वर्षे एक्याऐंशी. आबासाहेब पूर्वी सरकारी मोजणीदार. दोन शेजारी कुऱ्हाडी घेऊन उभे असता आबासाहेबांनी बांध कोठे तो काठीने दाखवावा आणि दोघांनी मुकाट घरी जावे, ऐसा त्यांचा दरारा. अलीकडे मात्र स्मरणाने त्यांची चाकरी सोडिली होती. तरी मोजणी सुटली नव्हती. तळावर वाडा उभा राहिला की दारापासून सार्वजनिक नळापर्यंत पावले मोजीत, प्रथम कोणाचा हात धरून, मग एकटे, आणि लहानशी बादली भरून आणून चुलीपाशी ठेवीत आणि म्हणत, "घ्या सूनबाई, पाणी आलं." वाड्यास पाण्याची नळी जोडलेली असे, बादलीचे प्रयोजन काही नव्हते. परंतु दुपारचा चहा त्याच पाण्याचा करावा, हा कालिंदीबाईंचा नेम, आणि त्यात कधी खंड पडला नाही.

त्या साली चालती घरे बहुत जाहली आणि तळ थोडके पडले. राव जेवण उरकून फोन घेऊन बसत आणि दूरदूरच्या तळांस जागा विचारीत, आणि उत्तर येई की भरले, माफ करा. एके शुक्रवारी लागोपाठ चौथा नकार आला, तेव्हा कालिंदीबाईंनी हातातली कढई ओट्यावर ठेवली, ती जरा जोरानेच ठेवली, आणि बोलल्या, "अहो, पुढच्या शुक्रवारी आपण कुठे असू एवढं मला कोणीतरी सांगा. स्मशानाशेजारी असलं तरी चालेल, पण सांगा." रावांस बोल जिव्हारी लागला, आणि त्यांनी मुक्कामसंघाशी बोलणे लाविले.

मुक्कामसंघ म्हणजे मातबर मंडळी. त्यांचे ऐंशी तळ मुलूखभर पसरलेले. एकदा मोठी रक्कम भरून सनद घ्यावी, मग कोणत्याही तळावर चौदा दिवस सुखे राहावे, पंधराव्या दिवशी कूच करून पुढल्या तळावर जावे, ऐसा करार. संघाने तीन दिवस फुकट मुक्काम आणि वकिलाचे बोलणे ऐकून घेण्याबद्दल एक लोखंडी तवा देऊ केला, आणि राव सहकुटुंब तेथे दाखल जाहले. तळ पाहून शर्वरीने चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशीच पोहण्याच्या हौदाकडे धावली, आणि अर्ध्या घटकेत तिला दोन मैत्रिणी मिळाल्या. कालिंदीबाईंनी कपडे धुण्याची आठ यंत्रे ओळीने मांडलेली पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी येता येता राहिले. मग संघाचे वकील वामनपंत नकाशा घेऊन आले. पंत गोड माणूस, शर्टास इस्त्री कडक, हसणे त्याहून कडक.

पंत म्हणाले, "वहिनीसाहेब, ऐंशी तळ म्हणजे ऐंशी माहेरं समजा."

कालिंदीबाई म्हणाल्या, "माहेरी चौदाव्या दिवशी सामान बांधायला लावत नाहीत, पंत. पंधरावा दिवस हवा झाला तर?"

"अहो, माणसाला कंटाळा येतो चौदा दिवसांत! नवा डोंगर, नवं पाणी. फक्त सही आजच्याआज करावी. हा भाव उद्या राहणार नाही."

राव म्हणाले, "पंत, आम्हाला तीन दिवस दिलेत ना? तिसऱ्या दिवशी सांगतो." पंतांचे हसणे किंचित ढिले जाहले, परंतु उठता उठता तवा मात्र त्यांनी दिला.

मग वाड्यात मसलत बसली. राव म्हणाले, "कालिंदी, मी थकलो गं. रोज भिकाऱ्यासारखी जागा मागतो मी. ही सनद घेतली की वर्षभराचे शुक्रवार मी तुला लिहून देतो." हे बोलणे खरे होते आणि कालिंदीबाईंस ते खरे आहे हे ठाऊक होते, किंबहुना त्यांनीच ते मागितले होते. त्यांचे निम्मे मन सही करून मोकळे जाहले होते. निम्मे कोठे अडते आहे ते त्यांचे त्यांसही कळेना.

दुसऱ्या दिवशी त्या धुण्याच्या यंत्रांपाशी गेल्या. तेथे जनाक्का म्हणोन एक बाई चादरींच्या घड्या घालीत होत्या, चार वर्षांमागे सनद घेतलेल्या, नवराबायको दोघेच. बाईंनी विचारले, "आक्का, खरं सांगा, सुख आहे का?" जनाक्का म्हणाल्या, "आम्हाला आहे बाई. आमच्या ह्यांना नवव्या दिवशी खाज सुटते, चौदा दिवस जास्तच होतात. सणाच्या दिवसांत तीन महिने आधी जागा धरावी लागते तेवढी. तुमच्यात कोण कोण आहे?" बाईंनी सांगितले. जनाक्कांचा हात घडीवर थांबला. "म्हातारं माणूस आहे? मग त्यांना विचारलंत का?" आणि कालिंदीबाईंच्या ध्यानी आले की नकाशास विचारले, वकिलास विचारले, परक्या बाईस धुण्यापाशी गाठून विचारले, आणि ज्याने जन्मभर जमीन मोजली त्यास कोणी एक शब्द विचारला नव्हता.

तिसरे दिवशी सकाळी आबासाहेब बादली घेऊन निघाले. सोबत शर्वरीने जावे ऐसे ठरले होते, परंतु शर्वरी हौदावर. मागल्या तळावर नळ उजवीकडे होता, येथे डावीकडे, आणि आबासाहेब उजवीकडे वळले. घटका झाली, दोन झाल्या. कालिंदीबाई पदर खोचून धावत निघाल्या, रांगेमागून रांग, वाड्यामागून वाडा, सारे पांढरे, सारे सारखे, आणि तळाच्या पार शेवटास एका परक्या वाड्याच्या पायरीवर आबासाहेब बसलेले दिसले. बादली मांडीवर, रिकामी. त्या वाड्याची मालकीण दारात अवघडून उभी. बाई धापा टाकीत जवळ गेल्या. आबासाहेबांनी वर पाहिले, आणि रागे भरल्यासारखे नव्हे, कचेरीत हाताखालच्यास विचारावे तैसे विचारले, "सूनबाई, आपलं घर कोणी हलवलं?"

बाई म्हणाल्या, "आम्हीच हलवलं, आबा."

"मग मला सांगून हलवत जा. माझं माप चुकतं."

बाई पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. तेवढ्यात रावही धावत पोहोचले आणि उभेच राहिले. बाईंनी विचारले, "आबा, एका जागेचं माप पक्कं व्हायला तुम्हाला किती दिवस लागतात?" आबासाहेबांनी बोटे चाळवली. "पूर्वी? एक फेरी. आता..." आणि बोटे पुन्हा पहिल्यापासून मोजली. "बारा दिवस धर. पण मग खडान्‌खडा पाठ. मग मला कोणाचा हात नको." राव खाली बसले. जो हिशेब वकिलाच्या नकाशावर कोठे नव्हता तो येथे पायरीवर झाला. चौदांतले बारा दिवस शिकावे, दोन दिवस राज्य करावे, पंधरावे दिवशी तख्त सोडावे, आणि पुन्हा एकपासून आरंभ. ऐसे वर्षभर, तळामागून तळ.

वामनपंत संध्याकाळी सही घ्यावयास आले. राव म्हणाले, "पंत, सनद उत्तम आहे. आमच्या मापाची नाही." पंतांनी बहुत गळ घातली, एकवीस दिवसांची थोरली सनद काढून दाखविली, आणि रावांची मान क्षणभर डुललीही. तेव्हा कालिंदीबाई म्हणाल्या, "एकवीसातले बारा वजा जाऊन नऊ. पंत, तुमच्या आईला तुम्ही एकवीस दिवसांतून नऊच दिवस आपलं घर ओळखू द्याल का?" पंत नकाशाची घडी घालू लागले, ती नीट पडेना. शर्वरी मात्र पाय आपटून रडली, म्हणाली, "सगळं नेहमी आबांसाठी! माझ्यासाठी कधी काही नाही!" आणि हे बोलणेही खोटे नव्हते. म्हणोन तिला कोणी रागे भरले नाही, आणि समजूतही कोणास घालता आली नाही.

मग कार्तिकात रावांनी एका संत्र्यांच्या मळ्याशेजारी साधा तळ महिनेवारीने धरिला. तेथे हौद नाही, यंत्र एकच, तेही कुरकुरणारे. उत्तरेकडील सरोवरे पाहावयाची रावांची दहा वर्षांची हौस होती, ती त्यांनी नकाशासकट खणात ठेविली. तेराव्या दिवशी आबासाहेब एकटे नळावर गेले आणि भरल्या बादलीने आले. येता जाता मळेकरणीशी बोलत, पोस्टमनाशी बोलत, समोरच्या वाड्यातील मायाबाईंस बांध कसा आखावा ते शिकवीत, जरी त्यांस बांध आखावयाचा नव्हता. ऐसे दोन महिने आणि सहा दिवस त्यांनी राज्य केले.

मग माघात एके सकाळी ते दारात उभे राहिले आणि पायरी उतरेनात. विचारले, "हे कोणतं गाव?" दुसरे दिवशी तेच, तिसरे दिवशी तेच. त्याच सुमारास वामनपंतांचे पत्र आले की भाव उतरला आहे, विचार व्हावा. रावांनी पत्र वाचले, दुमडले, पुन्हा उघडले. म्हणाले, "कालिंदी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण आता आबांना कुठलीच जागा ओळखू येत नाही. चौदा दिवस काय आणि चारशे काय. आता घ्यायची का सनद? शर्वरीला तरी हौद मिळेल."

कालिंदीबाई खिडकीतून पाहात होत्या. बाहेर आबासाहेब कोणाच्या नकळत उतरून मळ्याच्या वाटेस लागले होते, पायांत दोन निराळ्या चपला. मळेकरणीने डोईवरची टोपली खाली ठेविली, "काय साहेब, आज मोजणी वरच्या अंगाला का?" ऐसे म्हणत त्यांचा हात धरिला आणि बोलत बोलत वाड्याच्या दिशेस वळविले. आबासाहेब वळले.

बाई म्हणाल्या, "आबांना जागा ओळखू येत नाही, खरं आहे. पण इथल्या माणसांना आबा ओळखू येतात." रावांनी पत्र ठेवून दिले.

तात्पर्य, ज्यांचे घर चालते आणि घरातील सर्वांची पावलेही त्याच्या जोडीने चालतात, त्यांनी सनद खुशाल घ्यावी, ती वाईट नव्हे. या संस्थानाने घेतली नाही. शर्वरीचे देणे राहिले आहे, ते कालिंदीबाई जाणून आहेत, आणि उन्हाळ्यात जवळच्या नदीवर न्यावे ऐसे बोलणे चालू आहे. इति हकीकत समाप्त. लिहिणाऱ्याचे चुकले असेल ते वाचणाऱ्याने सुधारून घ्यावे.