मादामच्या बागेतला चंद्रोदय

रमण सावंतने सकाळीच बायकोला छाती ठोकून सांगितलं, "वसुंधरा, तू काळजी करू नकोस. कणभरही न खाता पार्टी पार पाडतो! भरलेली प्लेट हातात धरून फिरत राहायचं. कोणाला पत्ता लागतोय!"

वेळच तशी होती. २०१६ साल. तेलाचे भाव कोसळलेले, मस्कतमधल्या कंपन्यांतून रोज कोणी ना कोणी घरी जात होतं. रमण नबीलसाहेबांच्या बांधकाम कंपनीत, खरेदी विभागात. नोकरी गेली तर लेकीची, रेवाची दहावी अर्ध्यावर टाकून सावंतवाडी! म्हणून वसुंधराने एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलला होता, दोघांनी जोडीने करायच्या. आज एकविसावी. आणि नेमकं आजच लेबनीज साहेबांकडचं जेवण!

जेवण कसलं, लग्नच ते! समुद्राकाठचा बंगला, बागेत चाळीस पाहुणे, प्रत्येकाच्या गालाला तीन-तीनदा गाल, आणि टेबलावर हम्मस, तब्बूले, मटणाचे किब्बे... वाट्यांवर वाट्या! रमणच्या तीन फेऱ्या सुखरूप झाल्या. चौथीला साहेबांच्या बायकोने, मादाम रीमाने, गाठलंच.

"हबीबी, तू काहीच खात नाहीस! माझ्या घरात?"

"पोट जरा..." रमण पुटपुटला.

झालं! पाहुण्यांत एक डॉक्टर निघाला. त्याने रमणला सोफ्यावर आडवं केलं, पोट दाबलं आणि जाहीर केलं, "रिकामं आहे!"

मग खरं सांगावंच लागलं. उपवास, चंद्र, दर्शन. मादामच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने टाळ्या वाजवल्या. "माझा पाहुणा उपाशी असताना इथे कोणी जेवणार नाही! चंद्र येईपर्यंत थांबायचं!"

चाळीस काटे खाली आले. नोकर तबकं उचलून आत गेले. रमणला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती वाजता येतो?" नबीलसाहेबांनी विचारलं.

"आठ वीस, सर."

आठ वीस झाले, पावणेनऊ झाले. आभाळभर नुसती धूळ. चंद्राचा पत्ता नाही.

"यल्ला, रमण! कुठे आहे?"

"रस्त्यात आहे, सर," रमण बोलून गेला. उशिरा माल पाठवणारे त्याला रोज हेच सांगत.

सव्वानऊला हिऱ्यांनी मढलेल्या एक आजीबाई शोभेचं लिंबू चोखताना दिसल्या. रमणने झाडाआड जाऊन घरी फोन लावला.

"अगं, आपल्या वादी कबीरला चंद्र दिसतोय का?"

"छे, धूळ केवढी! आम्ही मघाशीच जेवलो. नाही दिसला तर घड्याळ बघून सोडायचा असतो, अहो! वीस संकष्ट्या झाल्या तरी एवढं ठाऊक नाही?"

आता हे बाहेर कोणत्या तोंडाने सांगायचं? तासभर चाळीस माणसं उपाशी! रमण रडवेला होऊन झाडाआडून बाहेर आला. तेवढ्यात डोंगरावर धुरकट, पिवळा, वाटोळा उजेड दिसला.

"आला! आला!" तो ओरडला आणि हात जोडून त्याने डोळे मिटले.

टाळ्यांचा कडकडाट! तबकं परत बाहेर आली, पाहुणे जेवणावर तुटून पडले. मादामने रमणच्या प्लेटमध्ये हम्मसचा ढीग केला. पहिला घास उचलतो, तोच खांद्यावर जड हात पडला. नबीलसाहेब! तोंडात किब्बे, नजर डोंगरावर.

"रमण, तो माझ्या साईटवरच्या क्रेनचा दिवा आहे."

घास हातातच राहिला.

"माल उशिरा आला तर मी थांबतो," साहेब हळूच म्हणाले. "खोटा आला तर परत पाठवतो. उद्या दहाला केबिनमध्ये ये."

"बघत काय राहिलास?" मादाम लगबगीने आली. "खा, हबीबी! केवढा वाळलास!"

नको कसं म्हणणार? रमणने डोळे पुसत पुसत सगळं संपवलं, तर तिने प्लेट पुन्हा भरली.